दाजींनी दिलेल्या कोटावरची हिरवी कोयरी

छत्रपती संभाजीनगर

तीर्थस्वरूप आप्पासाहेब दाजींच्या चरणी, तुमचा एकुलता एक मेहुणा साहेबराव याचा लोटांगण घालून नमस्कार.

तुमचा गुडघा काय म्हणतो? लग्नाच्या धावपळीत आक्काचं बीपी वाढलेलं नसावं, अशी माझी प्रार्थना आहे. (ती या पत्रात शेवटपर्यंत चालू राहील.)

इंद्रजीतचं लग्न आठवड्यावर आलं. अंतरपाट धरला की नवरदेवाच्या पाठीशी मामानं उभं राहायचं, हा मान भाचा जन्मला त्या दिवसापासून मी मनात धरून बसलोय. त्यासाठी तुम्ही आहेरात मोतिया रंगाचं कापड दिलंत, मी त्याचा जोधपुरी कोट शिवून घेतला आणि रविवारी स्वतः इस्त्री करायला बसलो. तेवढ्यात नळाला पाणी आलं. (आमच्या शहरात नळाला पाणी येणं म्हणजे काय, हे गंगापुरात बसून कळायचं नाही. माणूस जळतं घर सोडून मोटर लावायला धावतो.) टाकी भरून परत आलो तर कोटाच्या छातीवर तांबूस ठसा आणि मधोमध रुपयाएवढं भोक.

आमची सौ. करुणा म्हणाली, "रफूवाल्याकडं टाका आन् गप बसा." तिचं ऐकलं असतं तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं. पण चितेगावच्या कंपनीत जन्मभर लोखंड जोडलेल्या माणसाला वीतभर कापड जोडता येऊ नये? त्यात आमच्या तनुजानं आगीत तेल ओतलं. "पप्पा, घरी बनवलेले पॅच लावायची लई फॅशन हाय आता," म्हणत तिनं मोबाइलवर एक बाई दाखवली. ती बाई कापड कापते, मागं बकरमचं कडक कापड चिकटवते, कडेनं टाके घालते आणि हसते. मी सगळं तसंच केलं. हसायचं तेवढं जमलं नाही.

कपाटाच्या तळाशी जुन्या धोतरात बांधलेलं एक बोचकं सापडलं. गोधडीसाठी ठेवलेल्या चिंध्या, दुसरं काय असणार? आत हिरवं रेशीम निघालं. त्यातून मी कोयरी कापली (दाजी, कोयरी खरंच सुबक होती, शत्रूनंही नाव ठेवलं नसतं), कोट मांडीवर घेतला आणि दुहेरी दोऱ्यानं पक्के टाके घातले. उठून उभा राहिलो तर कोटाबरोबर लेंगाही वर आला. छाती, अस्तर, खिसा आणि लेंगा, सगळे एका दोऱ्यात. ते उसवता उसवता रुपयाचं भोक बशीएवढं झालं. मग आणखी मोठी कोयरी कापली.

इतक्यात करुणा आली. किमती साडी जुन्या धोतरात गुंडाळून ठेवायची बायकांची रीत असते, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तीच साडी ती लग्नात नेसणार होती. ती ओरडली नाही, हेच वाईट. शांतपणे म्हणाली, "ह्याच रंगाचा तुकडा लावून द्या, न्हाय तर मी लग्नाला येत नाय. आन् मामी नाय तर मामा कशाला?" दाजी, मी परत कपाट धुंडाळायला लागलो.

देवाच्या दयेनं रंगाला रंग जुळणारं रेशीम घरातच मिळालं आणि साडीचं भोक मी बुजवलं. गुलमंडीच्या बाजारातून आणलं म्हणून सांगितलं. तिनं ठिगळावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. पण मला आता कळून चुकलंय की भोक बुजत नाही, ते फक्त मुक्काम हलवतं. आणि छातीवर बशीएवढी हिरवी कोयरी घेऊन मी मंडपात उभा राहिलो, तर मुलीकडची मंडळी लासूर स्टेशनपर्यंत हसत जातील. तुमची मान खाली जाण्यापेक्षा मीच बाजूला होतो. काळजावर दगड ठेवून लिहितो, दुसरा मामा उभा करा. आमचा चुलतभाऊ सुदर्शन चालेल. त्याला शिवणकाम येत नाही.

आपला अभागी,
साहेबराव

ता. क. करुणा आत्ता म्हणाली, मंडपात मामाच्या खांद्यावर शेला टाकतात, तो बरोबर त्याच जागेवर येतो. मूळचं भोक कुणाला दिसलंच नसतं. हे तिला आज सुचलं. तेव्हा सुदर्शनला इतक्यात काही बोलू नका.

आणखी ता. क. करुणाच्या साडीला लावलेलं ते रेशीम आक्काच्या पैठणीचं आहे. वरमाय म्हणून नेसायची, फॉल-पिकोसाठी आमच्याकडं ठेवलेली, तीच. खोचायच्या टोकाचा तुकडा घेतला तर कुणाला दिसतंय, असा माझा विचार होता. पण घडी न मोडता कात्री चालवली आणि खालच्या घडीत पदर होता. एका मोराची मान गेली. फोनवर हे सांगायला मला तोंड नाही. तुमचं ती ऐकते, तर तिचा मूड पाहून तुम्हीच सांगा. पत्र मात्र तिच्या हाती लागू देऊ नका, वाचून लगेच चुलीत घाला.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवणार, तोच करुणानं सांगितलं की परवा तुमचा चष्मा ट्रॅक्टरखाली आला आणि नवा येईपर्यंत घरात आलेला प्रत्येक कागद आक्काच तुम्हाला वाचून दाखवते. दुसरं पत्र लिहायचं बळ आता अंगात नाही. तर आक्का, तू वाचतेच आहेस. काय शिव्या द्यायच्या त्या दे, दाजींसमोर दे, वऱ्हाडासमोर दे. पण इंद्रजीतच्या पाठीशी मला उभं राहू दे गं.