निपटलेली बरणी

४ जानेवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

मुलाकडे सुखरूप पोचले. डोळ्याचं ऑपरेशन पुढल्या आठवड्यात. पट्टी असेपर्यंत तुमची पत्रं सूनबाई वाचून दाखवेल, तेव्हा तिच्याबद्दल काही लिहू नका!

जीव तुमच्याकडे ठेवलेल्या बरणीत अडकलाय. तुमच्या दादांनी नुसत्या पिठापाण्यातून उठवलेलं ते आंबवण; हे गेल्यापासून मी त्याला एक दिवस उपाशी ठेवलेलं नाही. रोज थोडं पीठ, थोडं पाणी, बस. पाव करावासा वाटला तर भट्टी नको की वजनकाटा नको. कपभर आंबवणात पीठ, पाणी, मीठ कालवा आणि अधूनमधून ओल्या हातानं घड्या घाला. चाळणीत पीठ भुरभुरलेला पंचा पसरून गोळा त्यात निजवा. सकाळी जाड बुडाचं पातेलं ओव्हनमध्ये चांगलं तापवा, गोळ्याला ब्लेडनं चीर द्या, आत टाका, झाकण लावा. शेवटी झाकण काढलं की कड लाल होते.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची,
वहिनी

१७ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

काळजी सोड, इकडे सगळं ठीक. पाव केला, आणि काय झाला म्हणून सांगू! माझ्या स्वयंपाकाला आजवर कधी बरं न म्हणालेल्या आमच्या ह्यांनी तिसरा तुकडा मागून घेतला. शेजारीण मुलांना घेऊन आली. दुपारपर्यंत कडेचा चुरासुद्धा उरला नाही. बरणी लख्ख धुऊन उन्हात उपडी घातलीय. म्हणजे, घातली होती. आता जागेवर आहे.

जाता जाता एक. शेजारीण विचारत होती, असं आंबवण कोणी नव्यानं लावलं तर जुन्यासारखं व्हायला किती दिवस लागतात? तिला आपली उगाच उत्सुकता.

डोळ्याला जप. माझ्यावरची माया कमी करू नकोस.
तुझी,
धाकटी

२९ जानेवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

अक्षर सूनबाईचं, बोल माझे. ऑपरेशन छान झालं. शेजारणीला सांगा, आठवड्याभरात फुगायला लागतं, पण अंगात ताकद यायला वेळ लागतो. आणि आपलं घरचं असताना तिनं खटाटोप कशाला करायचा? त्यातलंच चमचाभर द्या. तुमच्या दादांनी कोणाला नाही म्हटलं असतं का?

पुढल्या महिन्यात येऊन बरणी घेऊन जाईन. सूनबाई विचारते, एवढ्याशा पिठाच्या लगद्यासाठी सासूबाई का झुरतात. काय सांगू तिला?

आठवण ठेवता, ती ठेवत राहा.
तुमची,
वहिनी

६ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पट्टी निघेपर्यंत थांबले, कारण हे दुसऱ्या कोणी मोठ्यानं वाचू नये. असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर घाबरले होते.

वहिनी, दादाचं आंबवण राहिलं नाही.

आईनं आम्हां दोघांना भांडं निपटून काढायची सवय लावली, आणि शाळेतल्या सिस्टर तर ताटात घास उरला की बाकावर उभं करायच्या. आंबवण पिठात ओतलं आणि हात आपोआप चालला. बोटानं बरणी पुसून घेतली, वर पाणी घालून खळबळली आणि तेही पिठात. पाव संपल्यावर, सगळे वाहवा करून गेल्यावर, उद्याचं पीठ घालायला बरणी हातात घेतली, तर आत काहीच नाही. थोडं मागे ठेवा असं तू लिहिलं नव्हतंस, असं म्हणून पाहिलं. पण दादाला ते करताना मी कितीदा पाहिलंय.

शेजारणीनं काही विचारलं नव्हतं. नवं मीच लावलंय. त्याला न धुतलेल्या मोज्यांसारखा वास येतो. तेच दादाचं म्हणून तुझ्या हातात द्यावं, असंही मनात येऊन गेलं. ह्याची लाज सगळ्यात जास्त वाटते.

हवं ते बोल, पण अबोला धरू नकोस. माहेर म्हणून आता तूच आहेस.
तुझी,
धाकटी

१५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

पत्र मी स्वतः वाचलं. चिडले. डोकं दुखतंय सांगून दिवसभर पडून राहिले. अबोलाच धरणार होते.

आता सांगते ते तुमच्या भाच्याला कळवू नका. तो केव्हापासून बोलवत होता. बरणीकडे कोण बघेल म्हणत मीच डोळा धूसर होऊ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, आता कोणाला पीठ घालायचं नाही हे आठवलं, आणि वन्सं, मला हलकं वाटलं. ती लाज अजून जात नाही. मी कुठल्या तोंडानं तुम्हाला बोलू?

नवं तुमच्याकडेच राहू द्या, मला नको. मी मात्र येणार आहे, महिनाभर राहणार आहे. पलंगावरचा तुमचा कपड्यांचा ढीग तेवढा आवरा.

लागलं ते एकच. ह्यांच्या हातचं शेवटचं तुमच्या घरात खाल्लं गेलं, शेजारच्या पोरांनासुद्धा मिळालं, आणि मला नाही. म्हणून आता सावकाश बसून लिहा. झाकण काढल्यावर वास कसा आला, पाव थंड होताना तडतडला का, कड दातांखाली कशी मोडली, आंबटपणा आधी कळला की घास गिळल्यावर. काही गाळू नका.

तुमच्यावरची माया आहे तिथेच आहे. पत्राला उशीर करू नका.
तुमची,
वहिनी