सिमेंटवर मुरगळलेला पाय

आबा,

काल सांगलीच्या मैदानावर एका मुलीच्या बोटावर बॉल आदळला आणि तिची मैत्रीण लगेच ते बोट धरून ओढायला निघाली. मी लांबूनच ओरडले. संध्याकाळी हौसेनं बास्केटबॉल खेळायला येणाऱ्या या मुलींना मी नेम धरायला शिकवण्याआधी एवढंच शिकवते : बोट दबू दे, घोटा मुरगळू दे, गुडघा सटकू दे, ओढायचं नाही, चोळायचं नाही, बर्फ लावून गप्प बसायचं. मुली हसतात. तुम्हीही हसला असता. साताऱ्यातल्या निम्म्या लोकांचे हातपाय तुम्ही तालमीच्या पायरीवर बसून ओढूनच सरळ केले होते.

माझा पाय गेला तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, विद्यापीठाच्या संघाची निवड तोंडावर आली होती. रिंगवरून उसळलेल्या बॉलला, रिबाउंडला, उडी मारली, खाली आले ती दुसरीच्या बुटावर, आणि घोटा आत वळला. मैत्रिणींनी रिक्षात घालून घरी आणलं. दवाखान्याचं नावही कुणी काढलं नाही. वस्तादाची पोर डॉक्टरकडे गेली तर लोक काय म्हणतील! तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसता, तेल कोमट करता, माझी टाच हातात घेता.

"आबा, लय दुखतंय वं."

"जरा कळ काढ, पोरी. आत्ता बसवतो बघ."

आणि झटका देता. सकाळपर्यंत पाय पोटरीपर्यंत काळानिळा झाला होता, आणि दवाखाना गाठावाच लागला.

"हा पाय ओढला कुणी?" डॉक्टरांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "म्या वढला, सायेब. ह्याच हातांनी." सांधा निखळलेलाच नव्हता, त्यामुळे बसवायचं असं काही नव्हतंच. लिगामेंट थोडं फाटलं होतं, ते झटक्यानं पुरतं फाटलं. ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या मातीतल्या पैलवानांवर तुमचा हात बसलेला. सिमेंटवर आपटणारा पाय तुम्ही कधी पाहिला होता? निवड हुकली. पुढच्या रविवारी पायरीवर आलेल्या माणसाला तुम्ही म्हणालात, "दवाखान्यात जावा. मला न्हाई येत त्यातलं." शेजारच्या आपल्या घरातून मी ते ऐकलं.

त्यानंतर तुम्ही मला हात लावायलाच भ्यायलात. ताप आला तरी कपाळ बघायला आईला पुढं करायचात. सासरी निघताना मी वाकले, तेव्हासुद्धा तोंडानंच आशीर्वाद दिलात. पोरीनं खेळ गेल्याचा राग धरलाय, असं तुम्हाला शेवटपर्यंत वाटत राहिलं. नव्हता हो धरला! हे सांगायला मी कितीदा तालमीच्या दारापर्यंत आले आणि "चहा झालाय" एवढंच सांगून परतले. आता लिहायला जमलं तर वाचायला तुम्ही नाही. हा कागद माझ्याजवळच राहील, म्हणून खरं सांगून टाकते. खेळ मी दोन-तीन वर्षांत विसरले. घोटा मात्र थंडीत अजून दुखतो, आणि दुखला की मुलींना शिकवलेलं सगळं बाजूला राहतं. वाटतं, तुम्ही जवळ बसावं आणि पाय हातात घ्यावा. ओढलात तरी चालेल.