अक्कासाठी उन्हाची पेटी

५ डिसेंबर १९५४, रविवार
अक्काला गॅरेजमध्ये हलवून आज आठ दिवस. डॉक्टरांनी छाती तपासून क्षयाचा संशय बोलून दाखवला. छातीचा एक्स-रे फोटो काढलाय, मुंबईहून निकाल यायचा आहे. तोवर बेबीपासून लांब ठेवा म्हणाले. आमची बेबी चार वर्षांची. दुसरी जागा कुठली? घरमालकांची मोटार कधीच विकली गेली, गॅरेज भाड्यात आमच्याकडेच आहे. शहाबादी फरशी, वर पत्रा, उत्तरेला दार. ऊन आत येतच नाही. अक्का म्हणाली, "छान आहे रे. मोकळं."
मालती ताट उंबऱ्याबाहेर ठेवते आणि चार पावलं मागे होते.

८ डिसें., बुध.
पहाटे सहाला बाहेर ५८ अंश फॅरेनहाइट, गॅरेजमध्ये ६१. थंडी वाजते का विचारलं. "नाही." दोन लुगडी एकावर एक नेसलेली दिसली.
शाळेत नववीला उष्णतेचा धडा चालू आहे. शिकवता शिकवताच सुचलं. दक्षिणेची भिंत दिवसभर तापते, ते ऊन आत का आणू नये?

१२ डिसें., रवि.
पेटी झाली. चहाचं खोकं, आत रॉकेलच्या डब्याचा ठोकून सपाट केलेला पत्रा, त्याला अळशीच्या तेलात खललेली काजळी, वरून कपाटाची काच. दक्षिणेच्या भिंतीला बाहेरून तिरकी टेकवली. गवंड्याकडून भिंतीला दोन भोकं पाडून घेतली, एक खाली, एक वर. खालच्यातून खोलीतली गार हवा पेटीत जाते, तापते, वरच्यातून आत येते. ना लाकूड, ना कोळसा.
अकरा वाजता वरच्या भोकाशी १२६ अंश. हात धरवेना. अक्काला बोलावून तिचा हात धरला तिथे. "अगंबाई, चुलीपुढे बसल्यासारखं वाटतं." मला फार बरं वाटलं.

१६ डिसें., गुरु.
दुपारी शाळेतून मुद्दाम आलो. खोली ८९. अक्का घामाघूम होऊन दाराबाहेर बसलेली. म्हटलं आत बस, दार उघडं राहिलं की ऊब जाते. ती उठून आत गेली, दार लावून घेतलं.
हेडमास्तरांना रोजच्या आकड्यांचा तक्ता दाखवला. ते शिक्षण खात्याच्या इन्स्पेक्टरसाहेबांना लिहिणार आहेत.

२० डिसें., सोम.
पहाटे खोली ५९. पेटी नव्हती तेव्हा ६१ असायची. बाहेरचा पारा तोच. तीन दिवस असंच.
विचार केला. उघड आहे. रात्री पेटीतली हवा गार होते, जड होते, खालच्या भोकातून खोलीत उतरते. खोलीतली ऊब वरच्यातून बाहेर जाते. पेटी रात्री उलटी चालते.
सकाळी पाहिलं तर अक्काने दोन्ही भोकांत चिंध्या कोंबल्या होत्या. मी रागावलो. म्हटलं मधेच बोळे घातलेस तर आकडे चुकतात, मला न विचारता हात लावायचा नाही. "बरं," म्हणाली. स्वतःच उपटून काढले.
आता लिहिताना कळतं की बोळे घालणं हाच उपाय होता. शिकलेली नाही, तिला अंगाने कळलं. पण सुधारायचं तर पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल.

२४ डिसें., शुक्र.
डॉक्टरांचा निरोप आला म्हणून दवाखान्यात गेलो. फोटो स्वच्छ. क्षय नाही. दम्याचा विकार, जुना. "घरात घ्या, गारठ्यात ठेवू नका. दम्याला गारठा वाईट."
निकालाचा कागद खिशात घालून घरी आलो. मालती भाजी निवडत होती. "आला का निकाल?" म्हटलं, "नाही अजून."
का म्हटलं? इन्स्पेक्टरसाहेब ८ तारखेला येतायत. माणूस राहतं तीच खोली दाखवायची, रिकामी नव्हे. पंधरा दिवसांचा तर प्रश्न.

२५ डिसें.
कालचं कारण खरं, पण पुरतं नाही. रोजनिशीत तरी लिहावं.
आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा. अक्का विधवा होऊन माहेरी आलेली, वीस वर्षांची. तिने लोकांकडे पोळ्या लाटून मला बी.एस्सी. केलं. हे सगळ्या आळीला माहीत, मालतीला माहीत, कारण अक्का सांगते. मुद्दाम नाही, बोलता बोलता. अक्का घरात असली की मी दिगू असतो. गेला महिनाभर मी माझ्या घरात सर आहे.
कागद टेबलाच्या खणात ठेवला.

२९ डिसें., बुध.
अक्काचा खोकला वाढला. बोलताना मधे थांबते. बेबी अंगणातून ओरडते, "आत्या, ये ना." ती आतून, "येईन हं, बरी झाले की." मी खिडकीत उभा होतो. ऐकलं.
पहाटे खोली ५५.

३ जाने. १९५५, सोम.
तक्त्यातून पहाटेचा रकाना काढला. सकाळी दहा ते पाच एवढंच ठेवलं. स्वच्छ दिसतो.

८ जाने., शनि.
साहेब आले. हेडमास्तर बरोबर. अक्काला सकाळीच सांगितलं होतं, पांढरं धुतलेलं नेस, खोकला आला तर तोंडाशी पदर धर. साहेबांनी वरच्या भोकाशी हात नेला, खूश झाले. मग अक्काकडे वळून, "काय बाई, रात्री थंडी वाजते का?"
अक्काने माझ्याकडे पाहिलं. "नाही. दिगूने केलंय ना. ऊब असते."
साहेब म्हणाले, "भाग्यवान आहात, असा भाऊ मिळाला." अक्का म्हणाली, "हो."
माझं टिपण खात्याच्या मासिकात छापणार.
ते गेल्यावर अक्काचं ताट घेऊन मीच गेलो. म्हटलं, "छान बोललीस." ती म्हणाली, "आता सांगशील ना?"
"काय?"
"डॉक्टरांकडे औषधाला गेले होते नाताळात. ते म्हणाले, अभिनंदन, तुमच्या भावाला सांगितलंय सगळं." खोकली. मग म्हणाली, "म्हटलं, दिगू सांगेल. रोज वाटायचं, आज सांगेल."
मी ताट ठेवून परत आलो.

१० जाने., सोम.
शाळेतून आलो तर गॅरेज उघडं, झाडून काढलेलं. वळकटी नाही. अक्का कल्याणला गोदूकडे गेली. गोदू तिची माहेरची शेजारीण, सुईण आहे, एकटी असते. जाताना तिने बेबीला जवळ घेतलं म्हणे. मालतीने आरडाओरडा केला तेव्हा अक्काने तिला निकाल सांगितला.
मालती खण उघडून कागद घेऊन बसली होती.
"मी चार पावलं मागे व्हायचे, अहो. दीड महिना. त्यांच्या ताटाला हात लागला की हात धुवायचे, त्यांच्यादेखत."
मी म्हटलं, तुझ्या मनात भीती होतीच.
"होती. चोवीस तारखेला गेली असती. पुढचे सतरा दिवस तुम्ही मला तसं वागायला लावलंत."
खरं असेल. किंवा तिला आता तसं वाटत असेल.

१२ जाने., बुध.
शाळेत सगळे अभिनंदन करतात. घरात मालती कामापुरतं बोलते.

१६ जाने., रवि.
कल्याणला गेलो. गोदूची एकच खोली, तळमजल्याची, पण पूर्वेचं दार. अक्का उन्हात बसून तांदूळ निवडत होती. गोदूने मला पाणी दिलं आणि आत गेली.
म्हटलं, "घरी चल."
"कुठे? कुठल्या खोलीत?"
"आत. मधल्या."
"मालतीला विचारलंस?"
विचारलं नव्हतं. अक्का तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तू लहानपणी काही फोडलंस की आधी मला येऊन सांगायचास. मी मारायचे नाही, म्हणून सांगायचास. मी कधी मारलं का तुला?"
"नाही."
"मग?"
तिने जेवायला वाढलं. आमटीत गूळ जास्त, मला आवडतो तसा. निघताना ये म्हणाली नाही, येते म्हणाली नाही.
संध्याकाळी मालतीने विचारलं, "काय म्हणाल्या वन्सं?"
म्हटलं, "थंडी सरली की येते म्हणाली."
मालतीने माझ्याकडे पाहिलं, मग बेबीचा फ्रॉक घडी करून पिशवीत घातला. "उद्या मी आणि बेबी जातो त्यांच्याकडे. त्यांच्याच तोंडून ऐकते. तुम्ही शाळेत जा."