गाठीच्या नावावर

३ मार्च

आज नवऱ्याने कप फेकला. माझ्या कानाजवळून गेला. नेम चुकला की चुकवला, त्याचं त्यालाच ठाऊक.

नणंदेला फोनवर सांगितलं, तर म्हणते, "अगं वहिनी, साखर वाढली की माणूस चिडतोच."

ताई, साखर दोन वर्षांपूर्वी निघाली. चिडणं आमच्या लग्नाच्या फोटोइतकं जुनं आहे!

दुपारी वकीलबाईंकडे जाऊन आले. घटस्फोट घ्यायचं ठरलं. आता मागे फिरायचं नाही.

६ मार्च

सांगितलं त्याला. हसला. "जाशील कुठे?"

१० मार्च

शिकाऊ बाईला गाडी मागे घ्यायला शिकवत होते, तेवढ्यात फोन. हा आपल्या चष्म्याच्या दुकानात कोसळला होता.

गिऱ्हाईक समोर बसलेलं. त्याला म्हणे, "चमचा घाला आणि वाचा" असं दोनदा म्हणाला. मग तोंड वाकडं झालं, हात झटके द्यायला लागला. शुद्धीवर आल्यावर शेजारच्या दुकानदाराने साखरपाणी पाजलं. मधुमेह ना, मग साखरच उतरली असणार! गेले दोन महिने आम्हीही तेच करत होतो. शब्द चुकला की साखर, ठेचकाळला की साखर, उजव्या बाजूच्या दाराला खांदा आपटला की साखर. आज इस्पितळात मोजली तर अगदी व्यवस्थित होती.

मग डोक्याचा फोटो काढला. डाव्या बाजूला गाठ. लिंबाएवढी.

मी जिन्यात जाऊन बसले. रडू येईल असं वाटलं होतं. आला तो संताप. निघायच्या वेळी बरोब्बर पायात पाय घातला याने!

१२ मार्च

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई तुटक बोलतात, पण नीट सांगतात. नणंदेने विचारलं, "साखरेमुळेच झालं का हो?"

"नाही. गाठीभोवतीची सूज उतरवायला औषध देतोय, त्याने मात्र साखर उसळेल. आणि ती चढीच राहिली तर अशा रुग्णांना पुढे जड जातं, असं दिसतं. सांभाळा."

सांभाळा म्हणताना बघितलं कुणाकडे? माझ्याकडे.

बाहेर आल्यावर नणंद माझा हात धरून म्हणाली, "बघ, ती गाठ बोलायची गं त्याच्या तोंडून. आपण उगाच त्याला बोल लावला."

आपण!

१५ मार्च

लेक आली. कॉलेजात असताना त्याने पाहुण्यांसमोर तिच्या मुस्काटात मारली, त्यानंतर तिने या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आत्याने फोनवर काय ते सांगितलं असणार.

त्याच्या पलंगाशी बसून ढसाढसा रडली. "बाबा, तुम्हाला कळत नव्हतं ना तेव्हा? ते तुम्ही नव्हता ना?"

तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नव्हतो."

पोरीचा चेहरा असा निवळला की मला बघवेना. इतकी वर्षं मी तिच्या बाजूने भांडले, त्याने जमलं नाही ते एका गाठीने जमवलं.

१६ मार्च

खरं लिहू? मलाही बरं वाटलं. गाठीवर राग काढणं सोपं. गाठ उलटून बोलत नाही.

१९ मार्च

साखर ३८६. औषधाने भूक अशी खवळलीय की समोर येईल ते खातो. मी डबे कपाटात कोंडले. नणंद म्हणते, साखर पूर्ण तोडली तर गाठ उपाशी मरेल. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "असं सिद्ध झालेलं नाही. इन्सुलिन द्या आणि वेळेवर जेवू घाला. उपाशी ठेवलंत तर दुसरंच संकट येईल."

बोटाला सुई मी टोचते. सकाळी तो म्हणाला, "हळू." आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला. मला एकदा जोरात टोचावीशी वाटली.

टोचली.

२१ मार्च

१७२. नणंदेने टाळ्या वाजवल्या. उद्या ऑपरेशन.

२२ मार्च

झालं. जिवंत आहे.

२७ मार्च

बोलणं सुधारतंय. उजवीकडचं अजून नीट दिसत नाही. मी त्या बाजूला उभी असले की त्याच्यापुरती नसतेच. तसं नवीन काही नाही म्हणा.

वकीलबाईंचा फोन आला. म्हटलं, आता राहू दे. आजारी माणसाला सोडून गेलीस म्हणतील, हे एक. आणि दुसरं म्हणजे, दोष त्याचा नव्हताच तर मी कुणाला सोडून जायचं?

२ एप्रिल

तपासणीचा निकाल आला. तो चाकाच्या खुर्चीत, मी शेजारी. गाठ वाईट जातीची निघाली. किरणं, गोळ्या, सगळं करायचं, पण वर्ष-दीड वर्षाच्या पुढचं कुणी बोलू नये. डॉक्टरीणबाईंनी आडवळण न घेता सांगितलं.

मी विचारलं, "किती जुनी असेल हो?"

"ही भराभर वाढते. वर्षापूर्वी बहुधा नव्हतीच."

"म्हणजे त्याआधीचं... वागणं? राग?"

"त्याआधीचं हिच्या माथी मारता येणार नाही."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. घरी येईपर्यंत एकच वाटत होतं. त्याने ते ऐकलं नसेल तर बरं, आणि ऐकलं असेल तर त्याहून बरं.

३ एप्रिल

सकाळी सुई टोचताना त्याने माझं मनगट धरलं.

"ते मीच होतो," म्हणाला. शब्द शोधत, पण स्पष्ट. "पोरीला बोलाव. मी सांगतो तिला."