माळ्यावरच्या देवाच्या माशाची व्यवस्था

मी, तारकनाथ थुसू, वय अठ्ठावन्न, धंदा संस्कृतचे अध्यापन, राहणार वुलर सरोवराच्या काठी, सोपोर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही धाकाविना लिहून ठेवतो. प्रकृती उत्तम आहे. बुद्धीबद्दल कोणाचे दुमत असल्यास ते त्याने माझ्या पश्चात मांडावे.

घाईचे कारण असे की, यंदा आश्विनात माझा पुतण्या अनूप नोएडाहून टेप घेऊन आला आणि मी चहा पीत असताना माझ्या अवतीभवती फिरून घराचे माप घेऊन गेला. येथे हॉटेल व्हावे अशी त्याची इच्छा आहे.

परंतु वरच्या माळ्यावर घरदेव राहतो. दर पौषात भात आणि मुळा घालून शिजवलेला मासा वर ठेवायचा, दार ओढून घ्यायचे आणि सकाळपर्यंत चौकशी करायची नाही, हा आमच्या कुळाचा नेम. माझ्यामागे हे कोण करील, असे मी अनूपला विचारले.

"काका, मी पनीर ठेवीन. त्याला काय कळतंय?"

घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल असे बोलणाऱ्यास घर देता येत नाही. सबब घर, अंगण, घाट व अक्रोडाचे झाड मी सदर घरदेवासच देत आहे.

वकील बशीरसाहेबांनी लेखणी थांबवून विचारले, "देवाचं नाव?"

"कधी विचारलं नाही."

"वय?"

"माझ्या पणजोबांच्या आधीपासून आहे."

"मास्टरजी, कायद्यानं देव कायमचा अज्ञान असतो. पालक नेमावा लागेल."

पालक म्हणून मी मुख्ता हांजी, मासे विकणारी, हिला नेमतो. तिच्याविषयी माझ्या तक्रारी आहेत. मी गळ टाकून बसलो की ती नाव थांबवून विचारते, "माहरा, आज माशांना कुठला श्लोक शिकवताय?" (आमच्याकडे पंडिताला माहरा म्हणतात.) तिचा नवरा सुभान ऐन थंडीत नावेच्या टोकाशी डोक्यावरून घोंगडी घेऊन ओणवा बसतो. घोंगडीच्या सावलीला मासे येतात आणि तो भाला मारतो. मीही हा प्रयोग केला. त्याला मासे मिळाले, मला पडसे. तथापि घाटावरच्या तिच्या बसायच्या जागेवरून तिला आजवर तीन तहसीलदार उठवू शकले नाहीत. तिथे अनूपची काय कथा.

प्रथम ती तयार नव्हती. "मी मुसलमान बाई. तुमच्या देवाची पालक कशी होणार?"

"पूजा नाही, मंत्र नाही. मासा ठेवायचा, दार ओढायचं."

"आणि मांजरानं खाल्ला तर?"

"मांजर त्याचं मुखत्यार समज."

"मग ठीक. पंजाबातून बर्फात येतो तो मासा मात्र मी ठेवणार नाही. तो तुम्ही खा."

मासा वुलरचा किंवा वितस्तेचा, म्हणजे झेलमचा, असावा. लागोपाठ पाच पौष ताट जसेच्या तसे राहिल्यास देव स्थलांतरित झाला असे समजून घर अनूपला द्यावे.

माझी नाव सुभानला. गळकाठी अनूपला, दिवसभर कोणी न येता बसून राहण्याचा सराव हॉटेलवाल्याला हवाच. व्याकरणाचे ग्रंथ पंडित सर्वानंद बकाया यांना, वाचण्याच्या अटीवर. मत्स्यावतार हा ट्राउट होता असे त्यांनी भर सभेत सांगितले होते. ट्राउट इंग्रजांनी बोटीतून आणली.

एवढे लिहून झाल्यावर मजकूर मुख्ताला वाचून दाखवला. ती मासे खवलत होती. म्हणाली, "देवाची सोय झाली. आणि तुम्ही, माहरा? तुम्ही कुठं जाणार?"

मी सांगितले की आत्मा कोठे जात नाही व येत नाही. घडा फुटला की आतले आकाश बाहेरच्या आकाशाहून वेगळे उरत नाही. हे मी तीस वर्षे शिकवले आहे. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"कुठं जात नाही ना? म्हणजे इथंच. माळ्यावर." तिने सुरी पुसली. "मग दोन मासे लागतील."

माझा याला तात्त्विक विरोध आहे. वकीलसाहेबांनी मात्र वर "मासा" होते तिथे "मासे, नग दोन" अशी दुरुस्ती शेजारच्या समासात केली असून तीवर मी सही केली आहे. दुसऱ्यात मुळा घालू नये.

सही: तारकनाथ थुसू

आमच्या समक्ष सही झाली:
१. डॉ. शफी वानी
२. गुलाम नबी लोन, पोस्टमन

सोपोर, १७ नोव्हेंबर २०१२