जहाजाचं घड्याळ

१४ मार्च, सायंकाळी ५.२०, चादरींसाठी इस्त्री तापत ठेवून.

ती. बाबांस,

आज सहलीचं जहाज सुटण्याआधी दोन तास सुट्टी घेऊन शहर पाहिलं. चौकातल्या मनोऱ्याखाली आमच्या जहाजावरचे एक प्रवासी आजी-आजोबा निवांत आइस्क्रीम खात बसले होते.

"आजी, उठा! जहाज चारला सुटतंय."

"अरे, आत्ता कुठे अडीच वाजलेत," आजींनी मनोऱ्याकडे बोट दाखवलं.

"ते शहराचं घड्याळ. जहाजाचं तासभर पुढं असतं!"

"मी म्हणतच होतो," आजोबा म्हणाले.

"वेळेची सूचना दिली तेव्हा तुम्ही घोरत होतात!" आजी म्हणाल्या.

दोघांच्या पिशव्या उचलून धावलो. आम्ही चढलो आणि मागोमाग खलाशांनी शिडी उचलली.

दहादा वेळ बघतो म्हणून तुम्ही मला 'घड्याळ्या' म्हणत हिणवता. ती खोड मी मोडणार नाही. पत्र टपालात न टाकता माझ्या कपड्यांच्या पेटीतच ठेवतो. हे घरी येऊन तोंडावर सांगायचं आहे.

तुमचाच,
घड्याळ्या