चारही चाकं ओढतात का?

उमरी, ता. दर्यापूर
शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५

चि. गोपालास आजीचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुले आजी आहे हे तू विसरला असशील, म्हणून पहिले ओळख करून देते. मी गोदाबाई, तुझ्या बापाची माय. मागच्या खेपेले तू चष्मा विसरून गेला, त्याच्या आधी डबा, आणि या खेपेले जाताना सांगून गेला की आठ दिवसांत गाडीचं पाहतो. आज एकविसावा दिवस आहे. मले वाचता येत नाही, पण दिवस मोजता येतात.

तुझी बहीण अपेक्षा लिहून राहिली. फोन काहून नाही केला म्हणशील, तर घरात फोन एकच, तो तुझ्या बापाच्या, रामरावच्या उशाशी. आणि मले ऐकू कमी येते म्हणून मी फोनवर ओरडते, आख्खं गाव ऐकते. तुझ्या बापाले यातलं काही कळू द्यायचं नाही. शेखर दूधवाला कॅन डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत पायी जाते, तो कागद अमरावतीच्या बसमध्ये देईल.

काल गुरुवारची अकोल्याची डायलिसिसची पाळी चुकली. गावापासून डांबरी रस्त्यापर्यंतचे चार किलोमीटर तुले माहीत आहेत, त्यात यंदाचा पाऊस. ट्रॅक्टर नाल्याच्या अलीकडेच रुतला. तुझा बाप मडगार्डवर बसून, मशीनीची सुई टोचतात तो हात छातीशी धरून, गचके खात होता. अर्ध्या तासात पांढरा पडला, म्हणून परत आणला. आज पाय असे सुजले की चप्पल जात नाही. आडवा झाला की दम लागते, म्हणून दोन उशा लावून बसून आहे. डॉक्टरनं मागंच सांगितलं होतं की एक पाळी चुकली तर निभवून नेऊ, लागोपाठ चुकवू नका.

अकोल्यात खोली करून राहा म्हटलं की म्हणते, वावर कोण पाहील, मायले कोण पाहील. तुझी माय गेल्यापासून त्याले हे घर सोडवत नाही.

तर तुझ्या लग्नासाठी जे पैसे ठेवले आहेत, त्यातून गाडी घे. लग्नाचं थांबेल. तुले कोणी पळवून नेणार नाही, थोबाड माझ्यावर गेलं आहे. गाडी चिखलात चालली पाहिजे आणि तुझ्या बापाले तिच्यात रेलून बसता आलं पाहिजे. या दोनच गोष्टी पाहा. तिसरी पाहू नको, तिसऱ्या गोष्टीतच तू फसतो.

लोभ आहेच. तेवढा तरी बसमध्ये विसरू नको.

तुझी आजी

दादा, हे आजीनं सांगितलेलं नाही. ती समोर शेंगा सोलत बसली आहे आणि अजून काय लिहून राहिली म्हणून विचारते आहे. काल ट्रॅक्टरवरून उतरल्यावर बाबा मला म्हणाले की माझ्यामागे आजीला न्हाणीत एकटं जाऊ देत जाऊ नको, तिथली फरशी निसरडी आहे. लवकर कर. अपेक्षा.

अमरावती
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

ती. आजीस, गोपालचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. काल चौघांनी बाबांना बाजेवर घालून फाट्यापर्यंत नेलं आणि पाळी झाली, हे शेखरनं कंडक्टरला सांगितलं, कंडक्टरनं मला. ऐकून पाइपच्या दुकानात मागं जाऊन बसलो. मालकांनी विचारलं तर डोळ्यात कचरा गेला म्हणालो.

आजी, मी विसरलो नव्हतो. या पंचवीस दिवसांत चौदा गाड्या पाहिल्या. त्यातल्या दोन उरल्या आहेत.

पहिली मोर्शीच्या ताहेरभाईंची जीप. संत्र्याचे व्यापारी आहेत, बगीच्यातून माल काढायला वापरतात. गिअरच्या बाजूला छोटा दांडा आहे, तो ओढला की पुढची चाकंही ओढायला लागतात. पण सीट म्हणजे फळी. एसी बंद. मी स्वतः मोर्शीपर्यंत बसलो तर कंबर धरून उतरलो. बाबांना त्यात साठ किलोमीटर कसं न्यायचं?

दुसरी बायपासजवळच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात आहे. पांढरी, मोठी, कोण्या बिल्डरची होती. चामड्याच्या सीट, बटण दाबलं की पाठ मागं जाते, पाय लांब होतात. बाबांना घरच्या बाजेपेक्षा बरं वाटेल. छत उघडतं. मागचं सगळं समोरच्या पडद्यावर दिसतं. थंडीत सीट गरमही होते. आणि मागच्या दारावर चांदीच्या अक्षरांत लिहिलेलं आहे की चारही चाकांची गाडी आहे.

खर्च लपवत नाही. डिझेल लिटरला नऊ किलोमीटर. आठवड्याच्या दोन खेपा धरल्या तर माझा अर्धा पगार टाकीत जाईल. टायर एकेक पाच आकड्यांत, आणि बिघडली तर कारागीर नागपूरलाच. पण बाबा निजून जातील, आजी. निजून जातील आणि निजून येतील. मला तेवढंच दिसतं.

तुझा आशीर्वाद पाहिजे. राग आला तरी लोभ राहू दे.

तुझा गोपाल

अपेक्षा, यापुढचं आजीला वाचू नको. पांढऱ्या गाडीचं टोकन मी काल देऊन टाकलं. दुसरं गिऱ्हाईक होतं म्हणे. लग्नाच्या पैशातला मोठा तुकडा गेला. ती फसली तर दुसरी घ्यायला माझ्याकडे काही नाही.

उमरी
शुक्रवार, १५ ऑगस्ट २०२५

चि. गोपालास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अपेक्षानं वाचलं. जे वाचू नको म्हणून लिहिलं होतं तेही वाचलं. तिचा आवाज तिथं आला आणि बारीक झाला, मी ओळखलं. मले अक्षर येत नाही म्हणून तुमी दोघं कागदाच्या खालच्या अंगाले काय काय दडवता ते मले कळत नाही असं समजू नका. मी दोन शब्द बोलते आणि ही चार ओळी लिहिते.

बरं, सीट गरम होते म्हणे. अकोल्यात. तिथं मे महिन्यात लोकं फरशीवर पाणी टाकून निजतात, आणि माझा नातू ढुंगण भाजणारी गाडी पाहून राहिला. छत उघडते म्हणे. इथं मी छत गळू नये म्हणून ताडपत्री टाकून राहिली.

पण तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही. जीपचं तू लिहिलं की दांडा ओढला की पुढची चाकं ओढतात. म्हणजे ते तू पाहिलं. पांढरीचं लिहिलं की मागच्या दारावर लिहिलेलं आहे. म्हणजे ते तू वाचलं. तू वाचणारा माणूस आहेस, तुले लिहिलेलं पुरते. मले कधी पुरलं नाही. मी दुकानात पुड्यावर काय लिहिलं हे सोडून पुडा नाकाशी नेते. बैल घेताना आपण शिंगाचा रंग पाहत नाही, जू ठेवून वखर ओढवून पाहतो. तू पांढरीले चिखलात घाल. ताहेरभाईले सोबत ने, तो संत्र्याच्या बगीच्यातला माणूस आहे, चिखल ओळखते. आणि तू आत बसू नको. बाहेर उकिडवा बस आणि पुढच्या चाकाकडे पाहा.

आता दुसरं. कालची पाळी चुकली. नाल्याले छातीइतकं पाणी होतं, बाज घेऊन कोणी उतरलं नाही. मी चार घरी हात जोडले. त्यांचंही बरोबर आहे, त्यांचीही लेकरं आहेत. आज पाणी उतरलं, तर तुझा बाप म्हणते आता जाणंच नाही. म्हणते, माझ्यापायी चार जण नाल्यात जातील, त्यापेक्षा मले इथंच राहू द्या. गाडीचं त्याले कुठून तरी कळलं आहे. म्हणते, गोपालच्या लग्नाचे पैसे मशीनीत घालू नका. काल त्यानं भिंतीकडे तोंड केलं ते अजून तसंच आहे. पेज नाही घेत. मी त्याची माय, मी म्हटलं घे, तर माझ्यासाठी दोन चमचे घेतले आणि तेही ओकला.

मी एकोणऐंशी वर्षांची. तो साठाचा. हिशेब उलटा चालला आहे, तो मले पाहवत नाही.

अपेक्षा लिहायचं थांबली. नाक पुसून राहिली. तिले म्हटलं कागद ओला करू नको, शाई महाग आहे.

लोभ माझ्याकडचा भरपूर आहे, तुझ्याकडचा आता पायांनी दाखव.

तुझी आजी

दादा, बाबांचे ओठ निळे दिसतात. रविवारच्या पुढं नको. अ.

अमरावती
शनिवार, १६ ऑगस्ट २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र संध्याकाळच्या बसनं देतो आहे. शेखर फाट्यावर घेईल. फोन करत नाही, कारण उद्या येतो हे बाबांना आधी कळलं तर ते आतून कडी लावून घेतील.

आज दुपारी पांढरी गाडी चाचणीसाठी काढली. ताहेरभाई मोर्शीवरून जीप घेऊन आले. मोर्शी रोडला त्यांच्या ओळखीच्या वावरात, भिजलेल्या मातीत, दुकानाच्या माणसाला ती आत घालायला सांगितली. मी तू म्हणालीस तसा बाहेर उकिडवा बसलो.

आजी, मागची चाकं फिरत होती, चिखल उडवत होती, खड्डा करत होती. पुढची दोन्ही चाकं उभी. रांगेत नंबर लागायची वाट पाहावी तशी उभी. मी जवळ जाऊन हात लावला, चाक गार होतं. बटण दाबायला सांगितलं, बटण दाबलं, त्याचा दिवाही लागला. चाक हललं नाही.

ताहेरभाईंनी मागच्या दारावरच्या चांदीच्या अक्षरावर नख लावलं. कोपरा उचलला. मग पूर्ण अक्षर त्यांच्या बोटाला चिकटून आलं, लग्नाच्या बुंदीच्या डब्यावरच्या स्टिकरसारखं. मी ते चार वेळा वाचलं होतं, आजी. एकदाही हात लावला नव्हता.

दुकानदार म्हणाला की आधीच्या मालकानं लावलं असेल, आम्हाला काय माहीत, आणि टोकन परत होत नसतं. मी त्याच्याशी भांडू शकलो नाही. वावराच्या बांधावर बसलो आणि ताहेरभाईंना सगळं सांगितलं, बाबांचं, नाल्याचं, तुझं. ते म्हणाले की रडायचं असेल तर जीपमध्ये बसून रडा, तेवढ्यात पांढरी बाहेर काढून घेऊ. त्यांनी दांडा ओढला, दोर बांधला आणि ती हत्तीण पाच मिनिटांत रस्त्यावर आणून ठेवली. मग म्हणाले की जीपच्या पैशाचं संत्र्याच्या बहारानंतर पाहू, आधी वालिदांना, म्हणजे बाबांना, घेऊन या.

उद्या सकाळी दोघं निघतो. अकोल्याच्या केंद्रात बोललो आहे, पोचलो की मशीन देतील. जीप हाडं मोडणारी आहे, हे मला माहीत आहे. घरातल्या सगळ्या गाद्या काढून ठेवा. बाबा नाही म्हणाले तर मी उचलून आणणार आहे, हेही सांगून ठेवतो.

माझ्यावरचा विश्वास थोडा शिल्लक असेल तर राहू दे.

तुझा गोपाल

अकोला
मंगळवार, १९ ऑगस्ट २०२५

चि. अपेक्षास आजीचे अनेक आशीर्वाद.

अक्षर पाहून घाबरू नको, गोपाल लिहून राहिला, त्याचं असंच आहे. फोन इथं तुझ्या बापाजवळ आहे आणि तुझ्याजवळ काही नाही, म्हणून कागद.

तू दारात उभी होती तोपर्यंत तुले दिसलं. पुढचं सांगते. नाल्यावर ताहेरभाईनं दांडा ओढला. गाडी मागं सरली, मी डोळे मिटले. मग पुढच्या चाकानं काठ धरला आणि आमी वर. तुझा बाप प्रत्येक गचक्याले शिवी देत होता, ताहेरभाईच्या, जीपच्या, माझ्या नावानं. मी त्याचा सुईचा हात माझ्या मांडीवर दोन्ही हातांनी धरून होती. दर्यापूर सोडल्यावर शिव्या बंद झाल्या. तेव्हा मले पहिल्यांदा भीती वाटली. मी त्याले चिमटा काढला. साठ वर्षांच्या माणसाले. त्यानं मग अकोल्यापर्यंत मलेच शिव्या दिल्या.

इथं त्याले सरळ मशीनवर घेतलं. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले दोन तास उशीर झाला असता तर आणायची गरज नव्हती. नाकाले नळी आहे. काल परत मशीन झाली. पुढं काय ते सांगता येत नाही म्हणतात, आणि आता आठवड्याले दोन नाही, तीन पाळ्या. पाऊस उघडेपर्यंत त्याले इथंच ठेवावं लागेल. खोली पाहून राहिलो. तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही, म्हणून मी हो समजली.

काल डोळे उघडले तर पहिलं काय विचारलं सांगू? ताहेरभाईले विचारलं की जीप लिटरले किती देते. ताहेरभाई म्हणाला अकरा. तर म्हणाला, खोटं. मग विचारलं की पैसे कोणाचे. आमी तिघंही पंख्याकडे पाहत बसलो.

पांढऱ्या गाडीचा विषय गोपालसमोर काढू नको. तो जेवत नाही. त्याले वाटते त्यानं बाप घालवला असता. हे मी सांगून राहिली आणि तो लिहीत नाही, म्हणते हे नको. मी म्हटलं, लिही, मी पाहून राहिली. मले वाचता येत नसलं तरी हात हलते की नाही ते दिसते.

गाय शेखरच्या हवाली कर. न्हाणीतली फरशी घासून ठेव, मी येईन तेव्हा मले कोणाचा हात नको.

लोभ असू दे, आणि आमची वाट पाहताना रडून डोळे घालवू नको, घरात वाचणारी एकच आहे.

तुझी आजी

अपेक्षा, बाबांचा श्वास अजून वर-खाली आहे. आजी दोन दिवस त्या लोखंडी स्टुलावरून उठली नाही. गोपाल.

ता. क. इथली खिचडी त्यानं तोंडातून काढून टाकली, पण आज सकाळी भाकर मागितली, स्वतः. उद्या शेखरच्या हातानं ज्वारीच्या पातळ भाकरी पाठव आणि गिलक्याची भाजी, डॉक्टरनं सांगितली तशी, दोनदा उकळून पाणी फेकून केलेली. मिठाचा खडाही नको. माझी आणि गोपालची भाजीही त्याच भांड्यातली, बिनमिठाचीच पाठव. त्यानं आमच्या ताटातला घास मागितला तर त्याले चव वेगळी लागली नाही पाहिजे.